बंदीचा फलक नको, वाटेला राखणदार द्या

सह्याद्रीतल्या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आणि वनविभागाचे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढातली गोष्ट. शनिवारी पहाटे आम्ही अठरा जण दोन गाड्या करून निघालो होतो. आदल्या रात्री डोंगराखालच्या गावातून मामांचा फोन आला होता, "ताई, दोन दिवस उघडीप आहे. वढा पायाखाली आहे. या." मामा म्हणजे आमचे वाटाडे. गेली सोळा वर्षं मी त्यांच्या मागे चालते आहे. त्यांनी "या" म्हटलं तर जायचं आणि "नका येऊ" म्हटलं तर घरी बसायचं, एवढा साधा आमचा नियम.

गावाच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर रस्त्यात अडथळे उभे होते. रेनकोटातला एक तरुण शिपाई पुढे आला आणि त्याने मोबाइलवरचा आदेश दाखवला. तालुक्यातले सगळे धबधबे, सगळे गड, सगळ्या घाटवाटा पावसाळा संपेपर्यंत बंद. बोलणं अदबीचं होतं. रात्री दोनपासून तो तिथे उभा होता, बुटांत पाणी साचलेलं. आम्ही हुज्जत घातली नाही. गाड्या वळवल्या.

मामींनी अठरा माणसांच्या भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. सोबत कुर्डूची भाजी आणि भात. आदल्या दिवशी भर पावसात रानात जाऊन त्यांनी ती भाजी खुडून आणली होती. तांदूळ निवडून झाला होता, पडवी सारवून झाली होती. मी फोनवर "मामी, माफ करा" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "तुमचा काय दोष बाई, गुरांना घालीन."

त्याच दिवशी संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन. अडथळ्याच्या अलीकडे मोटारसायकली लावून, शेताच्या बांधावरून सात पोरं वर गेली होती. सोबत वाटाड्या नाही, वाट माहीत नाही. दुपारी वर पाऊस झाला, ओढा फुगला आणि पोरं पलीकडच्या काठाला अडकली. त्यांना आणायला कोण गेलं? मामा आणि गावातली चार माणसं, दोर घेऊन, अंधारात. पोरं सुखरूप उतरली, देवाची कृपा.

त्या दिवशी आदेश मानणारे अठरा जण घरी परतले आणि न मानणारे सात जण डोंगरावर होते. माहीतगार माणूस चुलीपाशी बसून होता आणि अजाण पोरं ओढ्यात. हे मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट मान्य करते. तुमच्या टेबलावर काय येतं याची मला कल्पना आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीच्या भाराने कोसळला. अशा बातमीनंतर लोक तुम्हालाच विचारतात, "तुम्ही काय केलं?" तेव्हा बंदीचा कागद हाताशी असावा असं कोणालाही वाटेल. पण त्या कागदाने डोंगरावरचा धोका किती कमी होतो, हे एकदा माझ्यासोबत पाहा. त्यासाठी हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घेते, कारण माझं निम्मं आयुष्य त्या गडाच्या वाटांवर गेलं आहे.

नगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे हा गड उभा आहे. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, बाजूने अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट. जुन्नरच्या बाजूने खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट. आणि कोकणातून, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून वर येणारी नळीची वाट. तिन्ही वाटा एकाच पठारावर पोचतात, पण त्यांचा स्वभाव इतका वेगळा की एका वाटेवर कसलेला माणूस दुसरीवर नवखा ठरावा.

पाचनईची वाट सगळ्यांत सोपी. कातळकड्याच्या पोटातून जाते, डोक्यावर दगडाचं छत आल्यासारखं होतं, मग ओढ्याच्या कातळावरून पलीकडे जावं लागतं. बेताच्या पावसात, माहीतगारासोबत, दहा वर्षांचं मूलही इथून चढतं. मी चढवली आहेत. तोलार खिंडीची वाट लांबची. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला एक दगड आहे. त्याच्या पुढे रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि मग एकामागून एक टेकड्या. तिथे खरा धोका धुक्याचा. पाच हात पुढचं दिसत नाही, ढोरवाटा चारी दिशांना फुटलेल्या, आणि एक वळण चुकलं की माणूस तास-तास त्याच रानात गोल फिरत राहतो. लोकांना वाटतं पावसाळ्यात डोंगरावर मरण येतं ते पाण्याने किंवा पडून. थंडीनेही येतं. जीन्स आणि सुती बनियन भिजलेलं, पठारावरचा वारा त्यावरून वाहतोय, पोटात सकाळपासून काही नाही, अशात अंगातली ऊब तास-दोन तासांत निघून जाते. माणूस बडबडायला लागतो, मग गप्प होतो, मग बसून राहतो. असं बसलेलं माणूस मी पाहिलं आहे. कोरडे कपडे, गूळ आणि दोघांच्या मध्ये घेऊन दिलेली ऊब, एवढ्याने ते वाचलं. पण यातलं काय करायचं हे सोबतच्या एकाला तरी ठाऊक असायला हवं.

आणि नळीची वाट. ती पावसाळ्यात कोणीही चढू नये. तिथे बंदी घाला, कडक घाला, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. नाळ म्हणजे डोंगराने आपलं पाणी खाली सोडायला ठेवलेली घळ. वरच्या पठारावर पडलेला सगळा पाऊस त्या एका चिंचोळ्या तोंडातून खाली येतो, आणि येताना धोंडे घेऊन येतो. खाली ऊन पडलेलं असतानाही वरून लोंढा येऊ शकतो, कारण पाऊस पडला तो दुसरीकडेच. साम्रदजवळची सांदण दरी याच कारणाने पावसाळ्यात बंद असते आणि ते अगदी योग्य आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, पळायला जागा नाही.

म्हणजे एकाच गडाच्या तीन वाटांना तीन वेगळे नियम लागतात. आपला आदेश तिघींना एकच नियम लावतो, आणि तोही जिल्ह्याच्या हद्दीपुरता. एका बाजूला अडवलं की गाड्या दुसऱ्या बाजूला वळतात. पाचनईसारखी सोपी वाट बंद झाली म्हणून माणूस न झेपणारी वाट धरतो, यापरतं वाईट काय असावं?

हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाखाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याच तरतुदीचा क्रमांक १६३ झाला. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. त्याखालचा आदेश एरवी दोन महिन्यांहून जास्त चालतही नाही. पण मृगाचा पाऊस ही काही आणीबाणी नाही. तो दर वर्षी येतो, कोणत्या महिन्यात येणार हे शाळकरी पोर सांगेल. दर वर्षी येणाऱ्या गोष्टीसाठी दर वर्षी तातडीचा आदेश काढावा लागतो, याचा अर्थ उरलेल्या आठ महिन्यांत आपण तयारी केलेली नसते.

हवामान खात्याने लाल इशारा दिला की तुम्ही शाळांना सुट्टी जाहीर करता. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस, ही त्यांची मोजपट्टी. तुम्ही इशारा पाहता आणि संध्याकाळी निर्णय देता, पालकांच्या मोबाइलवर तो पोचतो. दुसऱ्या दिवशी इशारा उतरला की शाळा भरते. जून ते सप्टेंबर शाळा बंद, असं कोणी म्हणत नाही. डोंगराच्या वाटांना हाच न्याय का नको? लाल इशारा असेल तर सगळं बंद. नारिंगी असेल तर ओढा ओलांडावा लागणाऱ्या वाटा बंद. उघडीप असेल तर सोप्या वाटा मोजक्या माणसांना, वाटाड्यासोबत, खुल्या. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून एका गडाचा एकच निर्णय आदल्या संध्याकाळी द्यावा.

आणि हा निर्णय फक्त जिल्ह्याच्या गावी बसून होणार नाही. मामा ओढ्याकाठी काय करतात ते तुम्ही एकदा पाहायला हवं. वर जाताना ते पाण्याच्या कडेला, बरोबर पाणी टेकतं तिथे, नारळाएवढा एक दगड ठेवतात. आम्ही शेंगदाणे खात बसतो, ते दगडाकडे बघत बसतात. दहा मिनिटांनी दगडाचा पाय बुडाला तर मागे फिरायचं, बोलणं संपलं. मग ते पाणी ओंजळीत घेऊन बघतात. नितळ असेल तर ठीक. चहासारखं झालं, त्यात पानं-काटक्या यायला लागल्या की म्हणतात, "वर धरलाय." तेव्हा आमच्या डोक्यावर थेंबही नसतो. एकदा अशा वेळी मी कुरकुर केली होती, अर्ध्या तासाने त्याच जागी कमरेच्या वर पाणी होतं. ते फेसाळत गेलं आणि मामांनी ठेवलेला दगड कुठे गेला कळलंही नाही. त्या दिवसापासून मी कुरकुर केलेली नाही. हे ज्ञान कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही. ते त्या माणसासोबत चालतं.

पाचनईत, खिरेश्वरात, बेलपाड्यात, कळसूबाईखालच्या बारीत, रतनवाडीत अशी माणसं घरोघर आहेत. बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर. गुरं राखताना, मध काढताना, हिरडा गोळा करताना त्यांनी हा डोंगर पायाखाली घातला आहे. पावसाळ्यात त्यांच्याकडे भातलावणीखेरीज रोख पैसा देणारं काम नसतं. शनिवार-रविवारी चार माणसं जेवायला आली तर पोरांच्या वह्या निघतात. सरसकट बंदीचा पहिला फटका या घरांना बसतो. आणि दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. गावाला वाटेतून काही मिळेनासं झालं की वाट राखायचं कारणही उरत नाही.

याचा उलटा अनुभव तुमच्याच खात्याच्या गाठी आहे. कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागू लागली. माणसं फुलं तुडवून त्यात लोळून फोटो काढत होती. तेव्हा वनविभागाने पठाराला टाळं लावलं नाही. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ ऑनलाइन नोंदणी ठेवली, शुल्क लावलं आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतल्या वनसमित्यांना राखणीला उभं केलं. गावातली पोरं शिट्टी वाजवून लोकांना पायवाटेवर ठेवतात. हे सगळं निर्दोष चालतं असं मी म्हणत नाही, रविवारी तिथेही झुंबड असतेच. पण फुलं उरली आहेत आणि गावाच्या हाताला काम आहे. जे फुलांसाठी जमलं ते माणसांच्या जिवासाठी जमवायला काय हरकत आहे?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे तर १९८६ पासून अभयारण्य आहे. म्हणजे कायदा आहे, खातं आहे, नाकी आहेत, पावती फाडायची सोय आहे. त्या पावतीवर दोन ओळी वाढवा, वाटाड्याचं नाव आणि परतायची वेळ. संध्याकाळी सातला नाक्यावरच्या माणसाला कळेल की चौऱ्याहत्तर गेले, बहात्तर आले. आज दोन माणसं परतली नाहीत हे रात्री अकराला घरच्यांचा फोन आल्यावर कळतं, आणि मोलाचे चार तास गेलेले असतात.

आमच्या लोकांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. शहरातून येणाऱ्या आम्हा भटक्यांमध्ये बेशिस्त फार वाढली आहे. समाजमाध्यमांवर जाहिरात टाकून साठ-सत्तर जणांची बस भरायची, सोबत दोन विशीतली पोरं 'लीडर' म्हणून द्यायची, आणि पावसात सगळ्यांना एका दमात वर रेटायचं, असा धंदा बोकाळला आहे. २०२१ मध्ये शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. माझी विनंती आहे की नाक्यावर शिपायाने माणूस अडवण्याऐवजी ती नोंदणी तपासावी. किती माणसांमागे किती वाटाडे, प्रथमोपचाराची पेटी आहे का, दोर आहे का. नसेल तर बस परत पाठवा. एकदा दोन-चार बस परत गेल्या की पुढच्या आठवड्यात सगळे सुधारतील.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर पोरं पाय सोडून बसतात, ते पाहून माझ्या पोटात खड्डा पडतो. तो कडा नुसता उभा नाही. तो आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. म्हणजे तुम्ही ज्या काठावर आहात त्याच्या खाली दगड नाही, हवा आहे, आणि हे वरून दिसत नाही. वारा दरीतून सरळ वर येतो, टाकलेलं पान परत वर येऊन अंगावर पडतं. याच कड्यावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इंद्रवज्र दिसलं होतं. पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी आपलीच सावली. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी, समोर दरीत भरलेले ढग, आणि नशीब असेल तर ते कडं ढगावर उमटतं. मला सोळा वर्षांत दोनदा दिसलं. दुसऱ्यांदा सोबत आठवीतल्या मुली होत्या. एकीने हात हलवला, तर त्या गोलातल्या सावलीनेही हलवला. ती मुलगी नंतर बराच वेळ बोललीच नाही. दोन्ही वेळा पावसाळ्याचे दिवस होते.

म्हणून मला पावसाळाभर बंद ही गोष्ट मान्य होत नाही. सह्याद्री पावसाळ्यात जसा असतो तसा एरवी नसतोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक कसे बसले आहेत हे कड्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या पायऱ्यांनी कळतं. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ तेव्हाच ऐकू येते, अगदी माणसाने वाजवावी तशी. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत ते भलंमोठं शिवलिंग, भोवती गार पाणी, चारांपैकी एकच खांब शाबूत, आणि बाहेर ओढ्याचा घोष, हे ऐन पावसाळ्यातच अनुभवावं. मात्र गुहेत पाणी शिरलेलं असताना आत पाऊल टाकू नये, बाहेरून नमस्कार करावा. आमच्या पोरांनी हे स्क्रीनवर पाहायचं का? ज्याने डोंगर पायांनी पाहिला त्यालाच उद्या त्याच्या बाजूने बोलावंसं वाटतं.

बचावपथकांचंही एक मागणं तुमच्या कानी घालते. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र असो किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले ठिकठिकाणचे गट, ही माणसं नोकरीधंदा सांभाळून मध्यरात्री निघतात. त्यांना गावागावांत हात मिळायला हवेत. प्रत्येक वाटेच्या पायथ्याशी एक कुलूपबंद पेटी, त्यात दोर, स्ट्रेचर, कोरडी घोंगडी, बॅटऱ्या, आणि गावातल्या दहा जणांना दर मे महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण. त्या रात्री मामांकडे जो दोर होता तो विहिरीचा होता. सात पोरं त्याच्यावर उतरली.

माझी विनंती एवढीच की येत्या मे महिन्यात, आदेश निघायच्या आधी, तिन्ही जिल्ह्यांची मिळून एक बैठक घ्या. ती जिल्ह्याच्या गावी नको, पाचनईच्या देवळात किंवा शाळेत घ्या. वाटाड्यांना बोलवा, वनमजुरांना बोलवा, नाक्यावर भिजत उभं राहणाऱ्या शिपायांनाही बोलवा, त्यांना फार काही माहीत आहे. प्रत्येक वाटेवर एक-एक करून बोला. ही कधी बंद, ही कधी चालू, इथे किती माणसं, इथे कोण राखणार. मामांना त्यांचा दगड घेऊन यायला मी सांगेन. बैठकीला येणाऱ्या सगळ्यांच्या भाकऱ्या मामी करणार आहेत, त्यांना मी विचारून ठेवलं आहे.

आपली विश्वासू,
सोळा वर्षं डोंगरवाटांवर चालणारी एक शिक्षिका
संगमनेर